रोझची पिशवी, रूथचा टाका

घरात आठवण म्हणून जपलेली वस्तू आणि दप्तरात पुरावा म्हणून जपलेला कागद, या दोहोंत इतिहासकार सहसा कागदाला झुकते माप देतात. कागदावर तारीख असते, सही असते, तो कोणत्या कचेरीतून आला हे दाखवता येते. घरातल्या वस्तूबरोबर फक्त एक गोष्ट चालत येते, आणि ती सांगणारे माणूस गेले की वस्तू मुकी होते. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातून आलेली एक जुनी सुती पिशवी मात्र या नियमात बसत नाही. तिच्यावर गोष्ट आहे, सही आहे आणि सालही आहे. आणि हे सर्व सुईदोऱ्याने भरलेले आहे.

पिशवी अगदी साधी. धान्य किंवा बियाणे भरायला वापरत तशी, सुमारे ३३ इंच लांब आणि १६ इंच रुंद, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची. कापडावर डाग आहेत, ठिकठिकाणी ठिगळे लावलेली आहेत. त्यावर इंग्रजीत दहा ओळी भरलेल्या आहेत. अखेरचे साल धरून शब्द मोजले तर ५६ होतात. आशय असा: रोझ ही भरणारीची पणजी, अ‍ॅशलीची आई. अ‍ॅशली नऊ वर्षांची असताना साउथ कॅरोलायनात विकली गेली, तेव्हा रोझने तिला ही पिशवी दिली. आत एक फाटका झगा, तीन मुठी पेकन आणि रोझच्या केसांची एक वेणी होती. पिशवी आपल्या मायेने कायम भरलेली राहील, अशा अर्थाचे काही तिने लेकीला सांगितले. त्यानंतर दोघींची भेट झाली नाही. अ‍ॅशली ही भरणारीची आजी. खाली नाव रूथ मिडलटन, आणि त्याखाली १९२१.

वस्तुसंग्रहालयांच्या जगात ही पिशवी ‘अ‍ॅशलीज सॅक’ या नावाने ओळखली जाते. तिच्यासमोर उभे राहून लोक रडतात असे वारंवार लिहिले गेले आहे, आणि त्यात वावगे काही नाही. पण त्या अश्रूंमुळे एक गोष्ट नजरेआड होते असे मला वाटते. ज्या पणजीवरच्या प्रेमाने आपण हेलावतो, त्या पणजीला रूथने कधी पाहिलेले नव्हते. पाहणे शक्यच नव्हते. प्रत्यक्ष लेकीलाही ती पुन्हा दिसली नाही. म्हणजे आपल्यासमोर आहे ते रोझचे प्रेम जसेच्या तसे नव्हे. ती रूथने केलेली रचना आहे. तीन पिढ्या तोंडी आलेल्या गोष्टीतून तिने काय उचलले, कोणत्या क्रमाने मांडले, कुठे ओळ तोडली, हे सर्व तिचे निर्णय आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने या मजकुराकडे आधी त्या नजरेने पाहावे, म्हणून हा लेख.

ओळींपासून सुरुवात करू. पहिल्या पाच ओळी माहितीच्या आहेत: कोण, कोणाची, कधी, कुठे, आत काय. पाचव्या ओळीच्या शेवटी ‘तिला सांगितले’ या अर्थाचे दोन शब्द येतात आणि ओळ तिथेच तुटते. वाक्याला कर्ता नाही. सांगणारी कोण हे आपण समजून घ्यायचे. सहावी संपूर्ण ओळ रोझच्या बोलण्याला दिलेली आहे. अवतरणचिन्हे नाहीत, पण ‘माझ्या’ हे सर्वनाम आहे. मजकुराच्या पहिल्याच शब्दात जी ‘माझी’ आहे ती रूथ. सहाव्या ओळीतली ‘माझी’ मात्र रोझ. आणि आठव्या ओळीत, आजीचे नाते सांगताना, ती पुन्हा रूथ होते. एका सर्वनामाने दोन बायका बोलतात, आणि मधल्या एका ओळीपुरती नात पणजीला आपली जागा देऊन बाजूला होते. निवेदनशास्त्राच्या वर्गात अशा स्थित्यंतरासाठी मोठमोठ्या कादंबऱ्यांची उदाहरणे देतात. इथे ते सुईने साधले आहे.

त्या सहाव्या ओळीतले क्रियापद तर भाषांतरकाराची परीक्षा पाहणारे आहे. प्रमाण इंग्रजीत काळाप्रमाणे रूप बदलायला हवे होते, ते बदललेले नाही. ‘असणे’चे मूळ रूप तसेच ठेवले आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत हे रूप नेहमीची, सतत चालणारी स्थिती दाखवते. पण भविष्यकाळाचा प्रत्यय बोलताना गिळला गेल्यामुळेही ते असेच ऐकू येते. मराठीत आपल्याला निवड करावी लागते: भरलेली असते, भरलेली असेल, की भरलेली असू दे? पहिल्यात विधान, दुसऱ्यात वचन आणि तिसऱ्यात आशीर्वाद. मूळ ओळीत तिन्ही एकत्र नांदतात. वर आशय देताना मी ‘राहील’ असे लिहिले ते केवळ सोयीसाठी. मजकुराचा बाकीचा भाग जवळजवळ प्रमाण इंग्रजीत आहे, हेही ध्यानात घ्यावे. बोली येते ती नेमकी रोझच्या तोंडी. घरात ते वाक्य ज्या रूपात ऐकले त्या रूपात रूथने ते ठेवले, असे मानायला जागा आहे. या ओळीतल्या ‘प्रेम’ या शब्दाचे पहिले अक्षर तिने मोठ्या लिपीत भरले आहे, जसे माणसांची आणि गावांची नावे लिहिताना करतात.

थोडे विषयांतर करून ‘तीन मुठी’विषयी. इंग्रजी शब्दात मूठ आणि ओंजळ हा भेद नाही. मूठ एका हाताची, आणि तिच्यात घाई आहे. ओंजळ दोन्ही हातांची, आणि तिच्यात दान आहे. प्रसंग पाहता मी मूठ निवडली. कोणी ओंजळ निवडली तर माझे भांडण नाही.

आता त्या तीन वस्तूंकडे वळू. या मजकुराचा खरा इतिहास तिथे आहे.

फाटका झगा. साउथ कॅरोलायनाच्या १७४० सालच्या गुलामविषयक कायद्याने गुलामांनी कोणते कापड अंगावर घालावे हेही ठरवून दिले होते. जाडेभरडे, हलक्या प्रतीचे कापड त्यांच्यासाठी. त्याला बाजारात नावच ‘निग्रो क्लॉथ’ असे होते. मळ्यांवर वर्षाकाठी ठरावीक वार कापड किंवा मोजके कपडे मिळत. तेव्हा एक जादा झगा, फाटका का असेना, ही लहान गोष्ट नव्हती. नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर अंगावर पुरेसे वस्त्र असणे हा थंडीचा जसा प्रश्न होता, तसा तो लाजेचा आणि सुरक्षिततेचाही होता. लिलावात उभ्या केलेल्या बायकांची आणि मुलींची तपासणी कशी होत असे, हे त्या काळच्या अनेक आत्मकथनांत आले आहे. रोझला ते ठाऊक नसेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

पेकन. अक्रोडाच्या कुळातले हे फळ. आतला गर गोडसर आणि तेलकट. आज दक्षिण अमेरिकी संस्थानांच्या, म्हणजे संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागाच्या, स्वयंपाकाची ती ओळख झाली आहे. त्यामुळे दारातल्या झाडाखालून रोझने चार मुठी उचलून दिल्या असतील असे चित्र सहज डोळ्यांपुढे येते. ते चित्र चुकीचे आहे. हे झाड मूळचे मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले आणि टेक्ससचे. १८५०च्या आसपास चार्ल्स्टन शहरात पेकन हा लांबून येणारा, धनिकांच्या टेबलावरचा जिन्नस होता. तो हाताशी असणारी गुलाम स्त्री बहुधा घरकामात, कदाचित मुदपाकखान्यात असावी, असा तर्क इतिहासकार टिया माइल्स यांनी केला आहे आणि तो पटण्यासारखा आहे. म्हणजे त्या तीन मुठी मालकाच्या कोठारातल्या. त्या मिळालेल्या असोत की काढून घेतलेल्या, त्यांत पोट भरण्याची सोय होती. टिकणारे, शिजवावे न लागणारे, थोडक्यात भूक भागवणारे अन्न. प्रसंगी दुसऱ्या कशाच्या बदल्यात देता आले असते असेही.

पेकनचाच आणखी एक धागा इथे नोंदवण्याजोगा आहे. या झाडाच्या फळांचा दर्जा झाडागणिक बदलतो. चांगल्या झाडाचे बी लावले तरी तसेच झाड येईल याची खात्री नसते. कलम बांधणे हाच उपाय. लुइझियानातील ओक अ‍ॅली या मळ्यावरच्या अँतवान नावाच्या गुलाम माळ्याने १८४०च्या दशकाच्या उत्तरार्धात पेकनची कलमे यशस्वी केली, आणि पुढच्या काळातील पेकनच्या बागायतीचा पाया त्यातून घातला गेला. त्या जातीला पुढे ‘सेंटेनियल’ हे नाव मिळाले. फिलाडेल्फिया येथील १८७६ सालच्या शताब्दी प्रदर्शनात तिचे कौतुक झाले. अँतवानचे आडनाव कोणी नोंदवले नाही. रोझचेही नाही.

केसांची वेणी. व्हिक्टोरियन काळात मृत किंवा दुरावलेल्या माणसाचे केस पदकात, अंगठीत, फुलाच्या आकारात गुंफून ठेवण्याची पद्धत युरोपात आणि अमेरिकेत घरोघर होती. रोझची वेणी त्या पद्धतीशी नाते सांगते. पण तिचा अर्थ तेवढाच नाही. गुलाम स्त्रीचे शरीर कायद्याने मालकाचे होते. तिच्या पोटी येणारे मूल मालकाचे. शिक्षा म्हणून, आणि कधी मालकिणीच्या मत्सरापायी, गुलाम स्त्रियांचे केस कापून टाकल्याचे उल्लेख सापडतात. अशा शरीराचा एक अंश रोझने आपल्या मर्जीने कापला आणि आपल्या मर्जीने दिला. त्या पिशवीतल्या वस्तूंपैकी तेवढी एकच, जी तिची नव्हे असे म्हणण्याची हिंमत कायद्याखेरीज कोणी केली नसती.

या तिन्ही वस्तू आज पिशवीत नाहीत. रूथपर्यंत त्या पोहोचल्या होत्या की नाही हे तिने लिहिलेले नाही. तिने यादी ठेवली. जे उरले नाही त्याची यादी उरलेल्या कापडावर भरणे ही कल्पनाच विलक्षण आहे. पिशवीचा आतला भाग तिने बाहेर आणला.

यादी म्हटली की दुसरी एक यादी आठवते, आणि या प्रकरणातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग तिथून सुरू होतो. रूथच्या मजकुरात मालकाचे नाव नाही. ‘विकली गेली’ असे कर्मणी रूप आहे. विकणारा कोण, घेणारा कोण, यांना त्या ५६ शब्दांत जागा नाही. साहजिकच संशोधकांपुढे प्रश्न उभा राहिला की ही रोझ आणि ही अ‍ॅशली नेमक्या कोण. मार्क ऑसलँडर या मानववंशशास्त्रज्ञाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आणि त्यानंतर माइल्स यांनी आपल्या ग्रंथात, साउथ कॅरोलायनातील गुलाममालकांची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या धुंडाळल्या. रोझ हे नाव गुलाम स्त्रियांत अगदी सर्रास होते. अ‍ॅशली अत्यंत विरळ. (चार्ल्स्टनला वळसा घालून जाणाऱ्या नदीचे नाव अ‍ॅशली.) ही दोन्ही नावे एकाच मालकाच्या कागदांत सापडली ती रॉबर्ट मार्टिन या चार्ल्स्टनच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या. तो १८५२च्या डिसेंबरात मरण पावला. त्यानंतर मालमत्तेची मोजदाद झाली. तीत रोझची किंमत ७०० डॉलर आणि अ‍ॅशलीची ३०० डॉलर लावलेली आहे. आई चार्ल्स्टनच्या घरात, मुलगी बार्नवेल जिल्ह्यातल्या मळ्यावर. त्या मळ्याचे नाव मिलबेरी प्लेस. मिलबेरी हे मार्टिनच्या पत्नीचे नाव. म्हणजे विक्रीच्या आधीही या मायलेकी एका छपराखाली नव्हत्या असे दिसते.

मालक मेला की इस्टेटीची वाटणी होई, देणी भागवावी लागत, आणि सर्वांत सहज रोकड होणारी मालमत्ता म्हणजे माणसे. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ साली बंदी आल्यानंतर देशांतर्गत व्यापार फोफावला होता. यादवी युद्धापर्यंत सुमारे दहा लाख माणसे जुन्या संस्थानांतून कापसाच्या नव्या मुलखात हलवली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १८६०च्या खानेसुमारीत साउथ कॅरोलायनाच्या सात लाखांवर लोकसंख्येपैकी चार लाखांहून अधिक, म्हणजे शेकडा ५७, गुलाम होते. चार्ल्स्टनमध्ये १८५६ पर्यंत हे लिलाव उघड्यावर, भर पेठेत होत. परगावच्या पाहुण्यांना ते बरे दिसत नाही म्हणून शहराने ते बंदिस्त जागेत नेले. लिलाव चालूच राहिले.

मार्टिनच्या यादीतल्या रोझ आणि अ‍ॅशली याच रूथच्या रोझ आणि अ‍ॅशली, हे गणिती सिद्धतेसारखे सिद्ध झालेले नाही. दोन्ही अभ्यासकांनी ते संभाव्यतेच्या भाषेतच मांडले आहे. पण इथे मला पद्धतीविषयी एक तक्रार मांडायची आहे. पणतीने आपल्या हाताने, नाव आणि साल घालून, पणजी होती असे लिहून ठेवले आहे. ते आपल्याला पुरत नाही. तिला विकत घेणाऱ्याच्या यादीत ७०० हा आकडा सापडला की मग आपण म्हणतो, चला, पुरावा मिळाला. ज्या दप्तराने रोझला माणूस मानले नाही, ते दप्तर रोझ माणूस होती की नाही याचे साक्षीदार होते. सैदिया हार्टमन यांनी २००८ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात गुलामगिरीच्या दप्तरांविषयी हाच पेच मांडला होता: कागदांत या स्त्रिया दिसतात त्या मरताना, विकल्या जाताना, मार खाताना, त्यापलीकडचे त्यांचे जगणे लिहायचे तर कागदाबाहेर पाऊल टाकावे लागते. माइल्स यांनी ते टाकले, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ऑल दॅट शी कॅरिड’ या ग्रंथाला त्याच वर्षीचा अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार (ललितेतर विभागात) मिळाला. ग्रंथातले काही तर्क मला लांबवरचे वाटतात. एखाद्या पानावर इतक्या ‘कदाचित’ येतात की रोझ धूसर होते. तरीही एक गोष्ट त्यांनी ठामपणे केली: रूथला त्यांनी इतिहासकार मानले, आपल्याआधीची आणि आपल्या बरोबरीची. उलट बाजूने पाहिले तर मार्टिनची यादी रूथच्या मजकुरामुळे वाचण्यायोग्य झाली. नाहीतर त्या ओळीत दोन नावे आणि दोन आकडे यापलीकडे काही नव्हते.

ही रूथ कोण होती? रूथ जोन्स १९०३च्या सुमारास साउथ कॅरोलायनाच्या कोलंबिया शहरात जन्मली. आईवडील, रोझा आणि ऑस्टिन जोन्स, तिथल्या विद्यापीठात नोकरकाम करीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिणेतून उत्तरेकडे कृष्णवर्णीयांचे जे मोठे स्थलांतर सुरू झाले त्या लोंढ्याबरोबर ती किशोरवयातच फिलाडेल्फियाला आली. १९१८ साली तिने आर्थर मिडलटन याच्याशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगी झाली. उदरनिर्वाह श्रीमंतांच्या घरी काम करून. पिशवीवर तिने टाके घातले तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती आणि तिची मुलगी दोनएक वर्षांची.

हे वय आणि ही स्थिती लक्षात घेतली की मजकुराचा रोख बदलतो. पणजीची आठवण काढणारी ही कोणी पिकल्या केसांची बाई नव्हे. परक्या शहरात, मांडीवर मुलगी असलेली एक तरुण आई दुसऱ्या एका आईविषयी लिहिते आहे, जिची मुलगी हातातून ओढून नेली गेली. आणखी एक बाब चटकन लक्षात येत नाही. रूथ पणजीचे नाव सांगते, आजीचे नाव सांगते, स्वतःचे नाव सांगते. आईचे सांगत नाही. मधली एक पिढी गाळलेली आहे. वंशावळ म्हणून पाहिले तर तो दोष. पण रूथची आई रोझा, आणि रोझा म्हणजे रोझच. अ‍ॅशलीने आपल्या मुलीला हरवलेल्या आईचे नाव ठेवले असावे असा तर्क अभ्यासकांनी केला आहे, आणि रोझा ही अ‍ॅशलीची मुलगी असल्याचा अंदाज बऱ्याच अंशी या नावावर उभा आहे. तसे असेल तर पहिल्या ओळीत रूथने ते नाव भरले तेव्हा एका टाक्यात दोन बायका आल्या.

लिहिण्यासाठी तिने सुईच का घेतली? रूथला लिहिता येत होते. कागद महाग नव्हता. माझ्या मते उत्तराचा एक भाग पिशवीतच आहे. गोष्ट आणि वस्तू यांची फारकत होऊ नये, हे तिला कळले होते. वहीत लिहिले असते तर वही एकीकडे आणि पिशवी दुसरीकडे गेली असती. पुढे जे घडले ते पाहता ती गेलीच असती. दुसरा भाग इतिहासातला. साउथ कॅरोलायनाच्या त्याच १७४०च्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवला होता, आणि १८३४ साली वाचायला शिकवण्यालाही बंदी झाली. शिवणटिपण मात्र गुलाम स्त्रियांना शिकवले जाई, कारण त्याचा मालकाला उपयोग होता. त्यामुळे ज्यांच्या हातात लेखणी येऊ दिली नाही त्यांच्या हातात सुई होती, आणि त्या सुईने पुढे बरेच काही लिहिले. जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स (१८३७–१९१०) यांची बायबलमधील प्रसंगांची गोधडी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण; ती १८८६ साली प्रदर्शनात मांडली गेली आणि पुढे ओढगस्तीत पाच डॉलरला विकावी लागली. आज ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेत आहे. गेल्या शतकात चित्रकार फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) यांनी गोष्टींच्या गोधड्या केल्या, त्यामागेही आईकडून आलेली शिवणकामाची परंपरा होती, आणि ती मागे गुलामगिरीत जन्मलेल्या खापरपणजीपर्यंत पोचत होती. मराठी वाचकाला गोधडी म्हटले की ऊब आठवते. या गोधड्यांतही ती आहे, पण त्या वाचायच्याही आहेत.

पॉवर्स आणि रूथ यांत एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. पॉवर्स यांनी नवे कापड जोडून चित्र घडवले. रूथने वापरातल्या, मळलेल्या, ठिगळांच्या पिशवीलाच हात घातला. अ‍ॅलिस वॉकर यांची ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) ही कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. शहरात शिकून आलेल्या थोरल्या मुलीला आजीच्या गोधड्या भिंतीवर लावायच्या आहेत. घरी राहिलेली धाकटी त्या पांघरून फाडील अशी तिला भीती वाटते. आई गोधड्या धाकटीला देते. वर्गात ही कथा शिकवताना वारसा जपावा की वापरावा असा वाद आपण नेहमी लावतो, आणि तो बहुधा धाकटीच्या बाजूने संपतो. रूथची पिशवी त्या वादात नीट बसत नाही. भरतकाम केल्यावर ती पिशवी धान्याला उपयोगी पडणार नव्हती. पण ती भिंतीसाठीही नव्हती. तिने ती भरली ती, माझ्या अंदाजाने, त्या दोन वर्षांच्या मुलीला पुढे वाचता यावे म्हणून.

एक ओघाने आलेली नोंद. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील लोकांना, गुलामांना दास्यत्वातून मुक्त केल्याच्या कार्याबद्दल, अर्पण केली. मार्टिनची यादी खरी धरली तर त्या वर्षी अ‍ॅशली तिशीच्या आसपासची, मुक्त होऊन आठेक वर्षे झालेली बाई असणार. पुण्यात ज्या मुक्तीचा एवढा गौरव झाला तिने अ‍ॅशलीला आई मात्र परत दिली नाही. युद्धानंतर कितीतरी वर्षे कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत हरवलेल्या आईबापांच्या आणि लेकरांच्या शोधाच्या जाहिराती छापून येत होत्या.

पुढची हकीकत थोडक्यात. रूथ १९४२ साली क्षयाने गेली. पिशवी त्यानंतर कोणाच्या घरी, कोणत्या पेटीत होती याचा माग नाही. २००७ साली टेनेसी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावच्या जुन्या बाजारात एका बाईने जुन्या कापडांचे एक बोचके सुमारे वीस डॉलरला घेतले, त्यात ती निघाली. रूथची भीती, असलीच तर, खरी ठरली होती: घर गेले, माणसे गेली, गोष्ट सांगणारे कोणी उरले नाही. पण गोष्ट पिशवीवरच होती. त्या बाईने मिडलटन या आडनावाचा शोध घेतला आणि चार्ल्स्टनजवळच्या मिडलटन प्लेस या ऐतिहासिक मळ्याच्या संस्थेकडे पिशवी सोपवली. अ‍ॅशली नदीच्या काठचा हा मळा हेन्री मिडलटनचा. त्याचा मुलगा आर्थर मिडलटन हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. रूथच्या नवऱ्याचेही नाव आर्थर मिडलटन. गुलामांच्या वंशजांकडे मालकांची आडनावे राहिली त्याचा हा एक नमुना. पण रोझ किंवा अ‍ॅशली या मळ्यावर होत्या असे कोणताही कागद सांगत नाही. रूथच्या लग्नातून आलेल्या आडनावामुळे तिच्या पणजीची पिशवी एका गुलाममालक घराण्याच्या वाड्यात पोहोचली. तिथून ती उसनी म्हणून वॉशिंग्टनला गेली आणि २०१६च्या सप्टेंबरात उघडलेल्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गुलामगिरीच्या दालनात मांडली गेली.

संग्रहालयांनी दिलेल्या नावाविषयी एक शेवटची हरकत. ‘अ‍ॅशलीची पिशवी’ हे नाव सुटसुटीत आहे आणि आता ते रूढ झाले आहे. पण रूथने पिशवी कोणाची असे कुठेच म्हटलेले नाही. तिने ‘ही पिशवी’ एवढेच म्हटले, आणि ती देणारीपासून सुरुवात केली. कापडावरची ठिगळे कोणी लावली हे टाक्यांवरून सांगता येत नाही. रोझने देण्याआधी लावली असतील, अ‍ॅशलीने नव्या मालकाच्या मळ्यावर लावली असतील, रोझाने कोलंबियात लावली असतील. भरतकाम तेवढे रूथचे.